सीमेवरच्या बागेतला गोळाभात

अनिलकाकांचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसमध्ये मीटिंगला बसले होते. ‘ऋता, मेधा गेली. मी हॉस्पिटलमध्ये सह्या करतोय. सोहमला सांगायचं धाडस होत नाही. तू फोन करशील का?’ काका मराठी नेहमी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि एरवी मला ते झरझर वाचता येतं. त्या दिवशी दोनदा वाचावं लागलं. मी फोनवर बोलणं टाळणारी मुलगी आहे. साधी डेंटिस्टची अपॉइंटमेंट बदलायची असली तरी काय बोलायचं ते आधी मनात म्हणून बघते. तशी त्या दिवशीही जिन्यात उभी राहून वाक्य जुळवत होते. पण त्याची गरज पडली नाही. मी कधीच फोन करत नाही हे सोहमला माहीत होतं, त्यामुळे स्क्रीनवर माझं नाव दिसताच त्याला कळलं असावं. त्यानं फक्त ‘कधी?’ एवढंच विचारलं. मी सांगितलं. मग बराच वेळ त्याच्या ऑफिसातला प्रिंटर ऐकू येत राहिला… ‘मी निघतो,’ तो म्हणाला. ‘कुठे?’ ‘बागेत. तिथपर्यंतच येता येतं ना मला.’

मेधाकाकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. सिअ‍ॅटलजवळच्या उपनगरात त्यांचं घर आहे आणि त्यांच्या मुलाच्या, सोहमच्या, रिकाम्या खोलीत मी भाड्यानं राहते. सोहम तीन वर्षांचा असताना हे कुटुंब नागपूरहून इथे आलं. तो इथेच शाळेत गेला, इथेच गाडी शिकला, पण काकांच्या ग्रीन कार्डचा नंबर काही आला नाही. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की मूल आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. कॉलेज संपल्यावर इथे नोकरीचा व्हिसा लागला नाही, म्हणून तो कॅनडात गेला. त्याचं शहर आमच्या घरापासून गाडीनं अडीच-तीन तासांवर आहे. तिथून त्यानं नुसत्या भेटीसाठी अमेरिकेचा व्हिसा मागितला तर तो नाकारला गेला, कारण आईवडील इथे असल्यावर हा परत जाईल कशावरून? इकडे काकांच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकून पडलेलं, आणि वकिलानं बजावलं होतं की उत्तर येईपर्यंत दोघांनीही देशाबाहेर पाऊल टाकू नका. काकू म्हणायच्या, ‘नागपूरला असते तर एव्हाना त्याला दहादा भेटले असते. इथं जवळ येऊन अडकलो आम्ही.’

त्यांना ही बाग देवळातल्या कुणा बाईनं सांगितली. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर, दोन्हीकडच्या तपासणी नाक्यांच्या मधल्या जागेत, एक सार्वजनिक बाग आहे. हिरवळ, फुलांचे ताटवे, लाकडी बाकं, खाली समुद्राची खाडी. तिथे दोन्ही बाजूंनी लोक येऊ शकतात, एकमेकांना भेटू शकतात, एका टेबलावर बसून जेवू शकतात. फक्त जो ज्या बाजूनं आला त्यानं त्याच बाजूनं परत जायचं. काकांची ड्यूटी बहुतेक शनिवारी असायची आणि काकू हायवेवर गाडी चालवायला घाबरत. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी त्या घरात नवीनच होते. ‘तू गाडी नीट चालवतेस आणि बोलत नाहीस,’ त्या म्हणाल्या. ‘मला असंच कोणी पाहिजे होतं. बाकीच्या बायका रस्ताभर माझी समजूत घालत बसतील नं.’ तेव्हापासून दर महिन्याच्या एका शनिवारी आम्ही दोघी जाऊ लागलो.

पहिल्या वेळची एक गोष्ट मला विसरता येत नाही. काकूंना वाटलं होतं तिथे कुंपण असेल, निदान तार तरी. पण हिरवळीत लांब लांब अंतरावर छोटे पांढरे खांब होते, बाकी काहीच नव्हतं. सोहम समोरच्या उतारावरून चालत आला. काकूंनी त्याला आधी खालपासून वरपर्यंत बघून घेतलं, ‘किती वाळला रे’ म्हणून झालं, मग इकडेतिकडे बघत विचारलं, ‘अरे, पण बॉर्डर कुठे आहे?’ सोहम हसला. ‘आई, तू उभी आहेस तिच्यावर.’ काकूंनी चटकन पाय मागे घेतला, वाकून त्या गवताला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसं. ‘आई, व्हॉट आर यू डूइंग!’ सोहम म्हणाला. ‘पाय लागला नं बाप्पा,’ काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. लांब जीपमध्ये बसलेला अधिकारी आमच्याकडे बघत होता. त्याला ते काय वाटलं असेल, कोण जाणे.

दर वेळी जेवायला गोळाभात असायचा. पुण्याच्या आमच्या घरी तो कधी झाला नव्हता. चण्याच्या डाळीच्या भरडीचे तिखट गोळे शिजत्या भातात सोडायचे आणि वाढताना वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घालायची. सोहमला लहानपणापासून तोच आवडायचा. काकू पहाटे उठून तो करायच्या, कॅसरोलमध्ये भरून कॅसरोल जुन्या शालीत गुंडाळायच्या आणि रस्ताभर मांडीवर घेऊन बसायच्या. फोडणीचं तेल थर्मासमध्ये वेगळं. स्वयंपाक करताना त्या कधीही चाखून बघत नसत. देवाला दाखवायच्या आधी चाखलं तर ते उष्टं होतं, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं, आणि या देशात इतकी वर्षं काढूनही ते सुटलं नव्हतं. ‘मग मीठ कसं कळतं?’ मी एकदा विचारलं. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, चष्मा डोक्यावर सरकवला आणि वाफेत चेहरा नेला. ‘वासावरून. मीठ कमी असलं की वाफ पोकळ लागते.’ मी पण नाक पुढे केलं. मला नुसता गरम भाताचा वास आला. ‘इंग्लिश मीडियमला नसतं हे शिकवत,’ त्या म्हणाल्या. आणि त्यांचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही. बागेत पोचल्यावरही तेच. टेबलावर कॅसरोल उघडला की आधी त्या वाफेला नाक लावायच्या, मग मान हलवायच्या, आणि मगच आम्हाला वाढून घ्यायची परवानगी मिळायची. सोहम चमचा हातात धरून म्हणायचा, ‘क्लिअर्ड कस्टम्स?’

गेल्या हिवाळ्यात काकूंना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसले होते आणि मी पाणी घ्यायला खाली आले. काकूंनी मला बसायला सांगितलं, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, ‘सोहमला कळता कामा नये.’ काका काही बोलायला गेले तर त्या जवळजवळ ओरडल्या, ‘कळलं तर तो नाक्यावर येऊन उभा राहील! आत सोडा म्हणेल. ते सोडणार नाहीत आणि त्याच्या रेकॉर्डवर कायमचं लागून जाईल. अजून आयुष्य जायचंय त्याचं.’ काकांच्या वकिलानंही, वेगळ्या संदर्भात, जवळपास हेच सांगितलं होतं. शिवाय तेव्हा डॉक्टर बरंच आशेचं बोलत होते. दोन-तीन महिने केमो, मग ऑपरेशन… सगळं नीट झालं की सांगू, असं ठरलं. केस गेले तेव्हा काकूंनी लोकरीची टोपी विकत घेतली. आमच्याकडे बाराही महिने गारवा असतो, टोपीचं कुणाला काही वाटत नाही. सोहमला त्यांनी थायरॉईडचं सांगितलं होतं.

केमोनं त्यांची भूक गेली, नखं काळी पडली, आणि मार्चमध्ये कधीतरी वास येईनासा झाला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आम्हाला ते कळलं बागेत. कॅसरोल उघडला, काकूंनी नेहमीसारखा वाफेत चेहरा नेला, मान हलवली. आम्ही वाढून घेतलं. भातात मिठाचा कणही नव्हता. मी सोहमकडे पाहिलं. तो खाली बघून जेवत होता. ‘मस्त झालाय,’ म्हणाला आणि आणखी वाढून घेतला.

परत येताना मी बरेच मैल मनाशी वाक्यं जुळवली आणि शेवटी बोलले. ‘काकू, आज भातात मीठ नव्हतं.’ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ‘सोहम म्हणाला का तसं?’ ‘नाही. तो मस्त झालाय म्हणाला.’ ‘मग होतं.’ एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. घर जवळ आलं तेव्हा मला वाटलं त्या झोपल्यात, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, ‘मला आता कशाचाच वास येत नाही गं. हिंगाचासुद्धा नाही.’

पुढच्या महिन्यात पहाटे माझ्या दारावर टकटक झाली. काकू एका वाटीत चार शितं घेऊन उभ्या होत्या. ‘चाखून सांग.’ ज्या बाईनं कधी देवाआधी कुणाला चव घेऊ दिली नाही, ती मला नैवेद्याआधी भात चाखायला सांगत होती. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, ‘देव समजून घेईल. पोराला समजायला नको.’ मी चाखलं, आणखी थोडं मीठ लागेल म्हणाले. त्यांनी मिठाचं पाणी शिंपडलं. मी पुन्हा चाखलं. ‘आता बरोबर आहे.’ एप्रिलपासून दर महिन्याला असं चाललं. बागेत काकू वाफेत चेहरा नेऊन मान हलवायच्या, सोहम तोच जुना विनोद करायचा, मी माझ्या ताटात बघायचे. मला वाटत होतं, सगळं नीट निभावलं जातंय.

काकूंचं वजन उतरत गेलं. ऑपरेशन करता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. हिरवळीवर चालणं होईना, तेव्हा मी घडीची खुर्ची घेऊन जाऊ लागले. सोहम त्यांना धरून बसवायचा, थायरॉईडचं विचारायचा, काकू ‘सुरू आहे औषध’ म्हणायच्या, आणि मग तो आपल्या बॉसच्या नकला करायचा. त्या वेळी आसपास आणखीही कुटुंबं असत. एका शनिवारी तंबूखाली कुणाचं तरी लग्न चाललं होतं, नवरी एका बाजूची, नवरा दुसऱ्या बाजूचा. काकू बघत राहिल्या. ‘जेवून दोघं आपापल्या घरी जाणार म्हणजे,’ त्या म्हणाल्या. ‘बरं आहे, भांडण होत नसेल.’ सोहम मोठ्यानं हसला. मग उठून कचरा टाकायला म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही.

सप्टेंबरमधली भेट शेवटची ठरली. काकूंना गाडीत बसणंही जड जात होतं, काका नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. काका त्या दिवशी रजा घेऊन आमच्याबरोबर आले. भात काकांनीच केला, काकू स्टुलावर बसून सांगत होत्या, मी चाखत होते. बागेत कॅसरोल उघडला. काकूंनी वाफेत चेहरा नेला आणि मान हलवली. सोहमनं एक घास खाल्ला. चमचा खाली ठेवला.

‘आई, हे तुझं मीठ नाही.’

‘मार्चमध्ये मीठच नव्हतं,’ तो म्हणाला. ‘मग एप्रिलपासून आहे, पण ते तुझं नाही. कमी असतं. समबडी एल्सेस सॉल्ट.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला एकदम आठवलं की आमच्या घरी सगळ्यांना ब्लडप्रेशर, मीठ कमीच खायची सवय… माझ्या जिभेला जे बरोबर वाटायचं ते काकूंच्या हाताच्या मानानं अळणी होतं. मला ते इतक्या महिन्यांत सुचलंच नव्हतं. सोहमनं जॅकेटच्या खिशातून कॉफी शॉपमधल्या मिठाच्या पुड्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. बऱ्याच होत्या. ‘तू ऋताबरोबर वॉशरूमला गेलीस की मी टाकून घ्यायचो.’

‘मग बोलला काहून नाहीस?’ काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

‘तू बोलली नाहीस. मला वाटलं तुला मी ओळखलेलं नकोय.’ आणि मग, ‘आई, कॅन्सर आहे ना?’

काकूंनी टोपी काढली. एवढंच केलं. सोहम त्यांच्या खुर्चीपाशी गवतात बसला आणि त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. काका उठून खाडीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी कॅसरोलचं झाकण लावलं, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, ‘जेवून घे. गार होऊन राहिलंय.’ आणि तो उठला आणि त्यानं सगळं जेवण संपवलं, पुडी न फोडता.

दुसऱ्याच दिवशी वकिलाला फोन झाला. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला भेटण्यासाठी खास परवानगी मागता येते. डॉक्टरांचं पत्र लागतं, पुरावे लागतात. सोहमनं आठवड्याभरात सगळं जमवलं. वकील चांगला माणूस होता, त्यानं फी कमी केली, पण तोही म्हणाला, ‘हे वसंतात करायला हवं होतं. याला वेळ लागतो.’ हे वाक्य काकांनी काकूंना सांगितलं नाही. सोहमला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगायची गरज नव्हती.

काकू नोव्हेंबरमध्ये गेल्या. अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. हे लिहितेय तेव्हाही आलेलं नाही.

त्या दिवशी सोहमशी बोलून झाल्यावर मी काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘इथे माझं मी बघतो. तू त्याच्याकडे जा. तो तिथे एकटा नको.’ मी ऑफिसमधून तशीच निघाले. सवयीनं दोनदा शेजारच्या सीटकडे पाहिलं, कॅसरोल कलंडला नाही ना म्हणून. बागेत पोचले तेव्हा सोहम आमच्या नेहमीच्या टेबलाशी बसला होता, ओल्या बाकावर, टोपी न घालता. मी समोर बसले. मला कुणाचं सांत्वन करता येत नाही आणि त्यानंही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

‘तिनं काही खाल्लं होतं?’ त्यानं विचारलं.

‘काल दोन चमचे पेज.’

‘मीठ होतं?’

‘हॉस्पिटलची होती. नव्हतं.’

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, ‘आय न्यू इन मार्च. पहिल्या घासाला कळलं होतं.’ खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं होतं ते तोच बोलून गेला होता. त्यानं मार्चमध्ये विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं असतं का, हेही मला ठाऊक नाही. बहुधा त्यांनी थायरॉईडच म्हटलं असतं.

थोड्या वेळानं तो उठला आणि त्या पांढऱ्या खांबापाशी जाऊन आमच्याकडच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. जीपमधला अधिकारी उतरून आला. सगळं ठीक आहे ना, असं त्यानं विचारलं. सोहम म्हणाला, ‘माय मदर डाइड टुडे. ऑन दॅट साइड.’ अधिकारी टोपी काढून त्याच्याजवळ उभा राहिला. बऱ्याच वेळानं अगदी हळू आवाजात त्यानं सांगितलं की अंधार पडला की बाग बंद होते, आणि तुम्हाला त्या बाजूला जावं लागेल. सोहम ‘आय नो’ म्हणाला. जाताना त्यानं वाकून गवताला हात लावला आणि कपाळाला लावला. मग उतार चढून गेला.

अंत्यसंस्काराच्या वेळी फोन मी धरला होता. विधी काकांना करायचे होते म्हणून ते काम माझ्याकडे आलं. स्क्रीनवर सोहम पांढरा सदरा घालून त्याच्या स्वयंपाकघरात उभा होता. मंत्र चालू असताना तो एकदाच बोलला, ‘ऋता, फोन थोडा डावीकडे घेशील? मला तिचा चेहरा दिसत नाहीये.’ मी घेतला. दाहिनीचं बटण काकांनी दाबलं. तेव्हा तो कुठे बघत होता ते मला माहीत नाही, कारण मी स्क्रीनकडे पाहिलं नाही.

मी अजून त्याच खोलीत राहते. काका आणि मी फारसं बोलत नाही, पण रात्रीचं जेवण एकत्र करतो. मागच्या शनिवारी आम्ही बागेत गेलो. काका पहाटे उठून गोळाभात करत होते. मी खाली आले तेव्हा ते पातेल्यावर वाकून, चष्मा डोक्यावर सरकवून, वाफेत चेहरा धरून उभे होते. ‘तुला काही कळतंय का बघ,’ ते म्हणाले. मी नाक पुढे केलं. गरम भाताचा वास आला. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘मलाही नाही,’ ते म्हणाले. मग त्यांनी भात बिनमिठाचाच ठेवला आणि काकूंच्या बरणीतलं मीठ एका छोट्या डबीत वेगळं भरून घेतलं. ज्यानं त्यानं आपापल्या अंदाजानं घालून घ्यावं.

बागेत थंडी होती, आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सोहम आला, बसला. काकांनी शाल सोडली आणि कॅसरोलचं झाकण काढलं. वाफ वर आली. सोहमनं चमचा हातात घेतला होता, काकांनी डबी उघडली होती, माझं ताट पुढे होतं… आणि तिघंही तसेच थांबलो. चौथ्या बाजूचं बाक रिकामं होतं, वाफ त्या दिशेला जात होती. ती विरेपर्यंत कुणी वाढून घेतलं नाही.